जुना ध्वनिवर्धक : दुरुस्ती की निवृत्ती?

आपल्या सीमाभागातील घरांचे आणि गाण्याचे नाते जुने आहे. बेळगावजवळील सुळेभावी येथे १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी ही मंडळी तर धारवाड, हुबळी, गदग या आपल्या शेजारच्या मुलखातली. १९५० साली धारवाडला आणि १९६३ साली सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा बेळगाव-निपाणीच्या श्रोत्याला दोन्ही अंगांनी गाणे ऐकण्याची सोय झाली. ज्यांची हौस तेवढ्याने भागेना, त्यांनी तबकड्या जमवल्या, आणि त्या वाजवण्यासाठी पुढे स्टिरिओ ध्वनिवर्धक, म्हणजेच अँप्लिफायर, घरात आणला. त्या यंत्रांनी आता चाळिशी-पन्नाशी गाठली आहे. काही खरखरतात, काही गुणगुणतात, काहींची एक बाजू मुकी झाली आहे. मग घरात दोन पक्ष पडतात. वडीलधारे म्हणतात, दुरुस्त करून आणा. मुले म्हणतात, भंगारात द्या. यांतले बरोबर कोण?

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या वयात नाही, त्याच्या भागांत आहे. जुन्या वाड्याचे सागवानी खांब शंभर वर्षे टिकतात. कौले मात्र दर काही पावसाळ्यांनी बदलावी लागतात. कौल फुटले म्हणून कोणी वाडा पाडत नाही. ध्वनिवर्धकाचेही तसेच आहे. त्यातला वजनदार ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा सांगाडा, उष्णता बाहेर टाकणारे अ‍ॅल्युमिनियमचे पंखे हे त्याचे खांब होत. नीट वापरले तर ते माणसाच्या आयुष्याला पुरतात. झिजतात ते दुसरेच भाग, आणि ते बहुधा स्वस्त असतात.

त्यांतला पहिला भाग म्हणजे कारागीर ज्याला कंडेन्सर म्हणतात तो. विजेच्या प्रवाहातील चढउतार सपाट करण्याचे काम मोठ्या, नळकांड्यासारख्या कंडेन्सरांकडे असते. त्यांच्या पोटात एक ओला द्राव असतो आणि तो वर्षानुवर्षे उष्णतेने सुकत जातो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ती एकदिश केल्यावर तिच्यात १०० आवर्तनांची लाट उरते. कंडेन्सर थकला की ही लाट स्पीकरपर्यंत पोहोचते. गाणे सुरू नसतानाही ऐकू येणारी ती संथ गुणगुण पुष्कळदा याच थकव्याची खूण असते.

या कंडेन्सरांच्या आयुष्याचा एक ढोबळ हिशेब आहे. साध्या प्रतीच्या कंडेन्सरवर ८५ अंश सेल्सिअसला २,००० तास असे आयुष्य सांगितलेले असते, आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की ते साधारण दुप्पट होते. म्हणजे यंत्राच्या आत ४५ अंश उष्णता राहिली तर ३२,००० तास. रोज दोन तास गाणे ऐकणाऱ्या घरात ही सुमारे ४४ वर्षांची सोबत झाली. तेच यंत्र बंद कपाटात कोंडले, वर विणलेला रुमाल आणि फुलदाणी ठेवली आणि आतील उष्णता ५५ अंशांवर गेली, तर आयुष्य निम्मे झाले. झाकण मोकळे ठेवण्याला पैसा लागत नाही. पण त्याचा लाभ वीस वर्षांचा असतो.

दुसरा भाग म्हणजे जिथे धातू धातूला स्पर्श करतो ती सारी ठिकाणे : आवाज कमीजास्त करण्याचे बटण, निवड करणारा खटका, स्पीकर जोडणारा रिले. बेळगावच्या पावसाळ्यातील ओलावा आणि उन्हाळ्यातील धूळ यांची पुटे तिथे बसतात. बटण फिरवताना होणारी खरखर, किंवा आवाज वाढवल्यावरच जागी होणारी एक बाजू, हे बहुतेक वेळा या पुटांचेच काम. संपर्क स्वच्छ करण्याचा फवारा मारून कारागीर ते अल्पावधीत नाहीसे करू शकतो. तिसरा दोष डाखाचा. तापण्या-निवण्याने जुना डाख तडकतो आणि यंत्रावर थाप मारली की आवाज येतो-जातो. तो डाख पुन्हा द्यावा लागतो, एवढेच.

यंत्र कारागिराकडे नेण्यापूर्वी दोष कोठे आहे हे श्रोत्याला घरबसल्या पाहता येते. समजा, उजवा स्पीकर मुका आहे. यंत्र बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा यंत्रापाशी अदलाबदल कराव्या. तरीही उजवाच मुका राहिला, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा. आता डावा मुका झाला, तर दोष त्याच्या मागे, यंत्रात किंवा तबकडीवादकात. मग तारा पूर्ववत करून तबकडीवादकाकडून येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करावी. मुकी बाजू बदलली तर दोष वादकाकडचा, न बदलली तर ध्वनिवर्धकाचा. एवढी माहिती दिली की कारागिराचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही.

परंतु याच्या पुढे मात्र आपण जाऊ नये. प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर वीज साठवून धरतात, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत ती शेकडो व्होल्टांची असते. पेचकस घेऊन झाकण उघडण्याची हौस जिवावर बेतू शकते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणे तर घराला आग लावण्यासारखेच आहे. आणि यंत्र सुरू करताच स्पीकरमध्ये मोठा धक्का बसून त्याचा पडदा पुढे किंवा मागे तसाच रेटलेला राहिला, तर तत्काळ वीज बंद करावी. ट्रान्झिस्टर निकामी होऊन एकदिश प्रवाह स्पीकरमध्ये शिरल्याची ती खूण असते, आणि थोड्याच वेळात स्पीकरची गुंडाळी जळते.

मग निवृत्ती केव्हा द्यावी? ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, मुद्रित पट्टी कोळसा झाली असेल, किंवा ज्या एका चिपवर सारे यंत्र उभे आहे ती बनणेच थांबले असेल, तेव्हा. सुट्या ट्रान्झिस्टरांच्या यंत्रांचे मात्र सहसा अडत नाही. ‘२ एन ३०५५’सारखा साठ वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टर आजही बनतो. आपला सीमाभाग या बाबतीत तर दोन बाजारांच्या मध्ये वसलेला आहे : एकीकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुसरीकडे बंगळूरचा एस. पी. रोड. नकली माल मात्र दोन्हीकडे असू शकतो. म्हणून सुटा भाग ओळखीच्या कारागिराकरवीच आणवावा आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. खर्चाचा अंदाजही काम सुरू होण्याआधीच विचारावा.

नवे यंत्र घ्यायचेच ठरले, तर आधी मागची बाजू पाहावी. तबकडीच्या चुंबकीय सुईतून येणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टांचा असतो. सीडी-वादकाचा सुमारे दोन व्होल्टांचा. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबतात आणि वरचा उचलतात. तो वाजवताना पूर्ववत करावा लागतो. हे काम करणारी ‘फोनो’ची सोय कित्येक नव्या यंत्रांत नसते. ती नसेल आणि वादकातही नसेल, तर वेगळा फोनो-वर्धक घ्यावा लागेल. एरवी जपून ठेवलेल्या तबकड्या क्षीण आणि किरट्या वाजतील, आणि दोष मात्र बिचाऱ्या गायकाला लागेल. वॅटच्या मोठ्या आकड्यांनाही भुलू नये. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढ फक्त ३ डेसिबलची होते. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते.

निरोप दिलेले जुने यंत्रही उकिरड्यावर जाऊ नये. त्याच्या डाखात शिसे असते, आणि तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर हवेत मिसळतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जाणे अपेक्षित आहे. त्याआधी एखाद्या कारागिराला तो दाखवावा. त्यातला धडधाकट ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या घरचे यंत्र बोलते करील.

तात्पर्य, खांब शाबूत असतील तोवर कौले बदलावी. आणि ज्या घरी अजून सारे ठीक चालले आहे, त्यांनी यंत्रावरचा रुमाल तेवढा काढून ठेवावा, आणि वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग भिंतीतून काढावा.