अंगण कोणाचे?

सदनिका घेणारा मनुष्य चार भिंतींबरोबर जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि मुलांना खेळायला थोडी मोकळी जागाही विकत घेत असतो. निदान तशी त्याची समजूत असते. इमारत उभी राहिली की बिल्डर गच्चीवर हक्क सांगतो, बागेच्या जागी नवा पाया खणतो, आणि सोसायटीचा चिटणीस, बहुधा एखादा निवृत्त शिक्षक वा कारकून, फाइल काखोटीला मारून कचेऱ्या झिजवू लागतो.

मुंबईत दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचा लढा या संदर्भात मोलाचा आहे. स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधील, मोटारींच्या २५ जागा विकण्याचा हक्क आपलाच, असे बिल्डरचे म्हणणे होते. तशी हमीपत्रेही त्याने गाळेधारकांकडून लिहून घेतली होती. (डोक्यावर छप्पर हवे असलेला मनुष्य कोणत्या कागदावर सही करीत नाही?) कनिष्ठ न्यायालयांत तो हरला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरला. ही जागा सदनिका नव्हे, गॅरेजही नव्हे. ती इमारतीचा सामाईक भाग आहे, सबब ती वेगळी विकता येणार नाही, असा निर्णय झाला.

परंतु दुखण्याचे मूळ जमिनीत आहे. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन बिल्डरवर घातले. करारात मुदत ठरलेली नसेल, तर संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत. हा ‘नसेल तर’ बिल्डरांना पुरला! ‘संपूर्ण योजना पूर्ण झाल्यावर’ असे करारात लिहिले की योजना कधीच पूर्ण होत नाही. जमीन आपल्या नावे राहिली की पुढे वाढणाऱ्या चटईक्षेत्रावर दावा सांगता येतो. १९९१ पासून मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क आल्यावर तर हा मोह अधिकच वाढला. कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तिची धास्ती फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

२००८ च्या दुरुस्तीने बिल्डरच्या सहीवाचूनही ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळण्याची वाट मोकळी केली. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांची मुदत सुचवली. पण जुन्या इमारतीतल्या चिटणिसाला अर्जासोबत मंजूर नकाशा जोडायचा असतो, सदनिकांचे करारनामे जोडायचे असतात. बिल्डर वारलेला, भागीदार पांगलेले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा करारनामा बँकेत तारण पडलेला.