दोघांसाठी एक दिवस, समुद्रकाठी

धसईच्या एका घरातली गोष्ट. लग्नाला अकरा वर्षं झालेली सून एका रात्री भांडी आवरताना नवऱ्याला म्हणाली, "मी समुद्र एकदाच पाहिलाय. हाजीअलीला गेलो होतो तेव्हा. सोबत पंधरा माणसं होती, आणि तुमचं सगळं लक्ष मुलांच्या चपलांवर होतं."

तक्रार समुद्राची नव्हती. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोला दोन वाक्यं निवांत बोलायला मिळत नाहीत, ही होती. अशा वेळी बाहेर जायचं म्हटलं की आधी संकोच आडवा येतो. मुलं घरी ठेवून दोघंच फिरायला? लोक काय म्हणतील? प्रेषित मुहम्मद (स.) प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावत, हे आपण वाचलेलं असतं. तरी पत्नीसोबत एक दिवस काढणं आपल्याला उगाच चैन वाटते.

मुरबाड-शहापूरच्या माणसाला डोंगर नवा नाही. माळशेज घाट आहे, गोरखगड आहे, बारवीचं धरण आहे. समुद्र मात्र परका. खरं तर 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपला ठाणे जिल्हा सह्याद्रीपासून डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत पसरला होता. केळवे, बोर्डी आणि धसई एकाच जिल्ह्यात होते.

मग जायचं कुठे? जुहूला पोहोचणं सोपं, पण तिथे गर्दीच गर्दी. मालाडच्या आक्साला शांतता शोधत लोक जातात, पण बुडण्याच्या घटनांसाठी तो किनारा बदनाम आहे. अलिबागला पनवेलहून एसटी मिळते आणि कुलाबा किल्लाही पाहता येतो, मात्र सुट्टीच्या दिवशी रस्ता तुंबतो. सिद्दींचा जंजिरा पाहायचा तर मुरूडला एक रात्र मुक्काम धरावा. बोर्डीचा किनारा उथळ आणि शांत, बाजूला चिकूच्या वाड्या, पण घोलवडपर्यंत जाऊन त्याच दिवशी धसईला परतायचं म्हणजे दमछाक.

एका दिवसात जाऊन येण्यासाठी केळवे बरं. लांबलचक वाळू, आणि वाळूला लागून सुरूची बाग. सावली आहे, चटई अंथरून बसता येतं, चारचौघांत असूनही थोडा आडोसा मिळतो. कुटुंबं येतात, त्यामुळे बाईमाणसाला अवघडल्यासारखं होत नाही.

जाण्यासाठी पहाटेची एसटी धरून कल्याण गाठावं. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. कल्याणहून लोकलने दिवा किंवा कोपर आणि तिथून वसई रोडची गाडी हा जवळचा मार्ग, पण या गाड्या मोजक्या आहेत. ती चुकली तर दादरला जाऊन पश्चिम रेल्वे धरावी. पुढे विरारहून डहाणू लोकलने केळवे रोड स्टेशन, आणि तिथून किनाऱ्यापर्यंत रिक्षा. निघण्याआधी दोन वेळा पक्क्या माहीत हव्यात: डहाणू लोकल परतीला किती वाजता आहे, आणि कल्याणहून गावाकडे शेवटची एसटी कधी सुटते. धसई 2016 मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं खरं, पण प्रवासात सुटे पैसे जवळ असलेले बरे.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. विहिरीत आणि बंधाऱ्यात पट्टीचा पोहणारा माणूसही समुद्रात फसतो, कारण विहिरीचं पाणी जागेवर असतं आणि समुद्राचं ओढतं. हाजीअलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते हे आपण पाहिलं आहे. साधारण सव्वा सहा तास पाणी चढतं आणि तेवढाच वेळ उतरतं. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते.

हा हिशेब चंद्राचा आहे, आणि चांदाची तारीख आपल्या घरात भिंतीवरच असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांदाच्या महिन्याच्या आरंभी-अखेरीस आणि चौदा-पंधरा तारखेला, उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि जोरात ओढतं. सात ते नऊ आणि एकवीस ते तेवीस या तारखांना भांगाची भरती असते. तेव्हा चढ-उतार कमी, आणि आपल्या किनाऱ्यावर ओहोटी साधारण दुपारी येते. दिवसा जाऊन येणाऱ्यांना हे दिवस सोयीचे. नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्यात पाहावी आणि तिथल्या कोळी बांधवांनाही विचारावी. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, खाडीच्या मुखाशी तर नाहीच. पावसाळ्यात हा बेत करूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रविवार टाळावा, आणि शुक्रवारही, म्हणजे जुम्याची ओढाताण नको. मंगळवार-बुधवार बरा.

डबा घरचाच न्यावा. तांदळाची भाकरी, खिमा, उकडलेली अंडी, पाण्याच्या दोन बाटल्या. सोबत चादर आणि जानमाज. समुद्राचं पाणी पाक आहे, त्याने वुजू होतो. जोहर सुरूच्या सावलीत पढावी, असरची वेळ होताच सामान आवरायला घ्यावं. कचऱ्याची पिशवी परत आणावी.

घरच्यांपासून लपवून जाऊ नये. अम्मींना सरळ सांगावं, मुलांना एक दिवस सांभाळा म्हणावं. बहुतेक सासवा मनातून खूश होतात, कारण त्यांना स्वतःला असा दिवस कधी मिळाला नव्हता.

धसईचं ते जोडपं गेलं. परत आल्यावर जावेने विचारलं, "काय पाहिलंस गं?" ती म्हणाली, "समुद्र तर पाहिलाच. पण ते दिवसभर माझ्याशी बोलत होते." त्यानंतर आठवड्याभरात अम्मींनी अब्बांना विचारलं, "केळव्याला जायला गाडी कुठून मिळते हो?"