वस्तरा, नॅपकिन आणि कारागिराची तब्येत

आगरदांड्याच्या जेट्टीवर बोटीची वाट पाहणे हा आमच्या धंद्याचा भागच होऊन बसला आहे. मुरूडच्या बाजारात माल द्यायचा, उधारी गोळा करायची आणि खाडी ओलांडून दिघीमार्गे म्हसळा-श्रीवर्धनकडे निघायचे, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. पावसाळा सरता सरता एकदा आमची बोट नजरेसमोर सुटली. दुसरी यायला अवकाश होता, म्हणून दाढी करून घ्यावी या विचाराने आम्ही रस्त्यावरच्या एका सलूनमध्ये शिरलो.

आमच्या आधीचे गिऱ्हाईक उठले. कारागिराने वस्तरा फडक्याला पुसला, त्याच फडक्याने खुर्ची झटकली आणि आमच्या गालाला फेस लावला. आम्ही म्हणालो, "बेटा, पाते नवे लाव." त्याला ते लागले. "चाचा, सकाळीच बदलले आहे," असे तो पुटपुटला. तेवढ्यात आमची नजर त्याच्या हातांकडे गेली. बोटांची टोके फुटलेली, नखांभोवती काळे पडलेले, अंगठ्याला चिकटपट्टी. आम्ही विचारले तर म्हणाला, "रंगाचे काम करतो ना, त्याने होते. रात्री झोप लागत नाही."

त्या दिवशी आमच्या ध्यानात आले की आपण आजवर फक्त स्वतःच्या गालाची काळजी करीत होतो. दिवसभर उभा राहून दुसऱ्याचे रक्त, घाम आणि रसायन हाताळणारा हा पोरगा स्वतः किती धोक्यात आहे, याचा विचार ना गिऱ्हाईक करते ना मालक. आम्ही डॉक्टर नव्हे, कापडाचे व्यापारी. पण जाणत्यांना विचारून आणि वाचून जे समजले, ते आपल्या कारागीर बंधूंपुढे मांडीत आहोत.

नावातच रक्त

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. 'हज्जाम' हा शब्द अरबीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ हिजामा करणारा, म्हणजे सिंगी लावून रक्त काढणारा. आपल्या वडिलांच्या पिढीपर्यंत हज्जाम केसही कापी, गळूही फोडी आणि खतनाही करी. आता खतना बहुतेक ठिकाणी डॉक्टरकडे गेला, हे चांगलेच झाले. पण रक्ताशी असलेले या हुनराचे नाते तुटलेले नाही. दाढी करताना बारीक जखम होतेच आणि डोळ्यांना न दिसणारे रक्तही पात्याला लागते.

या रक्तातून येणारा सर्वांत मोठा धोका म्हणजे हिपॅटायटिस बी, अर्थात विषाणूची कावीळ. लोक एड्सला घाबरतात. तो धोकाही आहेच, पण एड्सचा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरीत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस टिकतो. ही कावीळ कित्येकांच्या अंगात वर्षानुवर्षे काही न बोलता राहते आणि शेवटी यकृत निकामी करते किंवा तेथे कर्करोग होतो. हिपॅटायटिस सी ची चालही तशीच.

हजला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल. मिना येथे केस उतरवण्याच्या कामी परवानाधारक न्हावीच बसवले जातात, त्यांची रक्ततपासणी होते आणि प्रत्येक हाजीला नवे पाते लावणे बंधनकारक आहे. लाखो डोकी थोड्या वेळात उतरवायची असताना तेथे हे जमते, तर जेट्टीवरच्या दोन खुर्च्यांच्या दुकानात का जमू नये? हिशोब पाहा. आपला कारागीर दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धे पाते वस्तऱ्यात घालतो. अर्ध्या पात्याचा खर्च रुपया-दीड रुपया. दाढीचे पन्नास रुपये घेणाऱ्याने या रुपयाची बचत करून गिऱ्हाइकाचा विश्वास गमवावा, यात कसला फायदा?

पाते गिऱ्हाइकासमोर वेष्टनातून काढावे. वापरलेले पाते झाडूने कचऱ्यात लोटू नये, झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावे. नाहीतर कचरा उचलणाऱ्या बाईचा हात कापतो आणि तिचे नाव आपल्याला कधी कळतही नाही. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावर फिरवणे बंद करावे. तुरटीची पूड कापसावर घेऊन लावावी आणि कापूस फेकून द्यावा.

कारागिराचे स्वतःचे बोट कापले तर ते तोंडात घालू नये, दाबून रक्तही काढू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवावे, पट्टी बांधावी. जखमेत गिऱ्हाइकाचे रक्त गेल्याचा संशय असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. एड्स रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितक्या लवकर तितके चांगले. कावीळ रोखण्याचा इलाजही डॉक्टर तेव्हाच ठरवतात.

हिपॅटायटिस बी वर लस आहे. पहिला डोस, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. देशभरातील बालकांना ही लस २०११ पासून सरकारी कार्यक्रमातून मिळते. म्हणजे आज वस्तरा धरणारे बहुतेक हात त्याआधी जन्मलेले आहेत. आगरदांड्याच्या त्या पोराला आम्ही विचारले, तर त्याला लसीचे नावही ठाऊक नव्हते. हिपॅटायटिस सी ला लस नाही, पण गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही काविळींची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत देण्याची सोय आहे. मुरूडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावे. लाज वाटण्याचे कारण नाही.

निळ्या दिव्याचा भ्रम

बऱ्याच दुकानांत निळ्या दिव्याची पेटी दिसते. त्यात कंगवा ठेवला की काम झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. उजेड जेथे पोहोचत नाही तेथले जंतू मरत नाहीत आणि केस व मळ चिकटलेल्या कंगव्यावर तर त्याचा काहीच उपयोग नाही. ती पेटी स्वच्छ केलेल्या वस्तू ठेवायला ठीक. वाटीभर पाण्यात चार थेंब जंतुनाशक टाकून सगळ्यांचा वस्तरा दिवसभर त्यात बुचकळणे हा दुसरा भ्रम.

पहिली पायरी म्हणजे साबण आणि पाणी. त्यानंतर कात्री व वस्त्याची मूठ २० मिनिटे उकळावी किंवा ७० टक्के स्पिरिटने पुसून आपोआप वाळू द्यावी. प्लास्टिकचे कंगवे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, म्हणजे एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम पावडर घालून, अर्धा तास बुडवावे आणि मग धुवावे. हे पाणी रोज ताजे करावे आणि लोखंडाला लावू नये. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा आधीच लोखंड खाते, त्यात ब्लीचिंग म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आता पोरांना मशीनची बारीक कटिंग हवी असते. मशीनचे दाते कातडीला घासतात आणि नायटा एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातो. स्पेनमध्ये २०२१ च्या सुमारास तरुण मुलांच्या मानेवर व डोक्यावर अशी साथ दिसली आणि डॉक्टरांनी तिचा माग सलूनपर्यंत काढला. आपल्याकडे तर स्टिरॉइड मिसळलेली मलमे चोळून चोळून नायटा औषधाला दाद देईनासा झाला आहे. म्हणून दर गिऱ्हाइकानंतर दाते ब्रशने झाडून स्पिरिटने पुसावे. डोक्यावर चट्टे दिसले तर, "आधी डॉक्टरला दाखवा, मग या," असे अदबीने सांगावे. एक गिऱ्हाईक परत गेले तरी दहा वाचतात.

काळ्या रंगाचा हिशोब

त्या पोराचे हात फुटण्याचे कारण बहुतेक काळा रंग. केस काळे करणाऱ्या बहुतेक रंगांत पीपीडी नावाचे रसायन असते. एकदा कातडीने त्याच्याशी वैर धरले की ते जन्मभर राहते, मग थोडासा रंगसुद्धा सोसत नाही. कित्येक कारागिरांना यापायी हुनर सोडावा लागला आहे. रंगाला रबरी हातमोजे घालावेत, ते दर वेळी नवे असावेत. अंगठी काढून ठेवावी, काम झाल्यावर हात धुऊन खोबरेल लावावे. गिऱ्हाइकालाही ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून पाहायला सांगावे.

आमच्या भगिनींसाठीही एक गोष्ट. खरी मेंदी तांबूस-विटकरी रंगते. काही मिनिटांत काळीकुट्ट होणाऱ्या मेंदीत हेच रसायन मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. लग्नाच्या आदल्या रात्री नवरीचे हात फोडांनी भरले तर दोष मेंदीला देऊ नये, भेसळीला द्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने न्हाव्याचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले आहे. याचा अर्थ प्रत्येकाला कर्करोग होतो असा नव्हे. पण बंद खोलीत वर्षानुवर्षे रसायन हुंगू नये एवढा बोध त्यात आहेच. केस सरळ करण्याच्या काही औषधांतून गरम इस्त्री फिरवताच फॉर्मलिनचा वायू निघतो, त्याला तर कर्करोगकारक म्हणूनच जाहीर केलेले आहे. खिडकी उघडी ठेवावी, वारा बाहेर फेकणारा पंखा लावावा.

आणखी दोन गोष्टी. कापलेला ताठ केस बोटांच्या बेचक्यात काट्यासारखा घुसतो, तेथे गाठ होऊन पू होतो. वैद्यकाच्या पुस्तकांत हा न्हाव्यांचा रोग म्हणूनच नोंदलेला आहे. दर गिऱ्हाइकानंतर हात धुवावेत आणि उघडी चप्पल घालू नये. दिवसभर उभे राहून पायाच्या शिरा फुगतात. खुर्ची वरखाली करून घ्यावी, वाकून काम करू नये, गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाय वर घेऊन बसावे. आणि गिऱ्हाइकाची मान कटकन मोडण्याची 'सेवा' बंदच करावी. मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघाताचे प्रकार घडले आहेत.

नॅपकिन: हे आमचे क्षेत्र

एका नॅपकिनने दहा तोंडे पुसणे हा सगळ्यांत जुना दोष. याचे कारण आळस कमी आणि कापड अधिक आहे, असे आमचे मत. दुकानदार जाड टर्किशचे टॉवेल घेतात. सोलापूरचा टॉवेल घरी उत्तम, पण आपल्या पावसात तो दोन-दोन दिवस वाळत नाही. मग ओलाच वापरला जातो आणि त्याला कुबट वास येतो. सलूनसाठी मांजरपाटाचे किंवा पातळ सुती कापडाचे हातभर तुकडे करून कडा शिवून घ्याव्यात. ते पांढरेच असावेत, म्हणजे डाग लपत नाही आणि ब्लीचिंगने रंग जाण्याची भीती नाही. रोजची ३० गिऱ्हाइके असतील तर ३० वापरात, ३० धुण्यात आणि पावसाळ्यासाठी ३० जादा, असे ९० तुकडे लागतात. रोज रात्री साबणाच्या पाण्यात उकळावेत, वाळवून डब्यात झाकून ठेवावेत. गळ्याभोवती कागदाची पट्टी लावून मगच केप बांधावी.

हे सगळे आपण एकदा करून दाखवले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सलून बंद झाली. ३ जूनला निसर्ग वादळाने आपल्या किनाऱ्यावरची कौले-पत्रे उडवली. अखेर २८ जून २०२० पासून महाराष्ट्रात सलून उघडली ती अटींवर. कारागिराला मास्क, हातमोजे, ॲप्रन. दर गिऱ्हाइकानंतर खुर्चीची सफाई. एकदाच वापरायचे टॉवेल. दाढीला तर तेव्हा मनाईच होती. तीन महिने चूल थंड राहिलेल्या कारागिरांनी त्या अटी पाळल्या. साथ गेली आणि सवयही गेली. ईदच्या चांदरातीला दुकानाबाहेर रांग लागते, तेव्हा तर पाते बदलायलाही कोणाला फुरसत नसते. खरा कस त्याच रात्री लागतो.

खर्चाचे म्हणाल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ हुनरांत न्हाव्याचे काम आहे. त्यात प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत ठेवलेली आहे. कर्जाचा भाग वेगळा. व्याजाचा प्रश्न ज्याचा त्याने पाहावा. अवजारांची मदत मात्र कर्ज नव्हे. नोंदणीची चौकशी सेवा केंद्रात व ग्रामपंचायतीत करावी.

पुढच्या खेपेला आम्ही त्याच दुकानात ९० तुकड्यांचे गाठोडे टाकले. पैसे नंतर द्या म्हटले. मालक थोडा कुरकुरला, पण त्याने ठेवून घेतले. कारागिराने वेष्टन फाडून नवे पाते आम्हाला दाखवले आणि जुने खिळ्याने भोक पाडलेल्या दुधाच्या डब्यात टाकले. हातांना मोजे होते. "लस?" आम्ही विचारले. "एक झाली चाचा, दुसरी पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. बोटीचा भोंगा झाला, पण त्या दिवशी आम्ही दाढी पुरी झाल्यावरच उठलो.