१,७६,६३,१९,०४९ (संख्या)
६१क्ष² + १ = य² या वर्गप्रकृतीतील य चे लघुतम धन पूर्णांकी मूल्य; येथे क्ष = २२,६१,५३,९८०. ६१ ऐवजी ६० घेतल्यास य = ३१ व ६२ घेतल्यास य = ६३ पुरतो; म्हणून केवळ अजमावून हे उत्तर सापडणे दुरापास्त आहे. विज्जडविडचे दुसरे भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी सिद्धांतशिरोमणीच्या (११५०) बीजगणित विभागात ते चक्रवाल पद्धतीने काढले. ८² − ६१ × १² = ३ येथून आरंभ करून टप्प्याटप्प्याने २९,७१८² − ६१ × ३,८०५² = −१ हे समीकरण मिळते; २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक १ म्हणजेच प्रस्तुत संख्या होय. १६५७ मध्ये फेर्मा यांनी ६१ चाच प्रश्न यूरोपात मांडला. विज्जडविड म्हणजे बीड, असे काही अभ्यासक मानतात, इतर ते पाटण्याजवळ (जि. जळगाव) मानतात.