घडीचें ट्रेडमिल घेण्यापूर्वीं

वऱ्हाडांतील उन्हाळा ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांना वैशाखांत 'रोज फिरावयास जात चला' हा वैद्यकीय उपदेश ऐकून हसूं आल्याशिवाय राहत नाहीं. मे महिन्यांत अमरावती जिल्ह्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, व सकाळीं आठ वाजतांच रस्ता तापूं लागतो. पुढें मृगाचा पाऊस पडला, कीं आमची काळी माती चपलेला धरून बसते, आणि रिद्धपुराबाहेरच्या पांदणीनें चालणें म्हणजे पावलोपावलीं शेरभर चिखल उचलणें होतें. तरुण मनुष्य यांतूनही वाट काढतो. परंतु साठी उलटलेला गृहस्थ, मधुमेहानें पीडलेली गृहिणी, अथवा पहांटेच्या अंधारांत एकटीनें बाहेर पडण्यास संकोचणारी सून यांचे वर्षांतले पांच-सहा महिने घरांतच जातात, आणि डॉक्टरांनीं सांगितलेलें चालणें कागदावरच राहतें. म्हणूनच घडीचें ट्रेडमिल घरीं आणावें काय, हा प्रश्न हल्लीं अनेक घरांत निघूं लागला आहे. साध्या घरगुती यंत्राची किंमत सामान्यतः पंधरा हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत असते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या संसारांत ही रक्कम लहान नव्हे. तेव्हां तिचा विचार शांतपणें झाला पाहिजे.

चालण्याचें महत्त्व आमच्या गांवास नव्यानें सांगावयास नको. रिद्धपूर हें महानुभावांचें परम तीर्थ. श्रीगोविंदप्रभूंचें वास्तव्य येथेंच झालें, व म्हाइंभटांनीं 'लीळाचरित्रा'ची रचना येथेंच वाजेश्वरीच्या स्थानीं केली, असें परंपरा सांगते. त्या पंथाच्या संन्याशांस 'अटन', म्हणजे नित्य भ्रमण, हा आचारधर्मच नेमून दिलेला आहे. जिल्ह्याचें ठिकाण जें अमरावती, तेथें वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान आखाडा काढला. त्यांतूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभें राहिलें, आणि १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं मंडळाच्या पथकानें हुतूतू आदि देशी खेळ परदेशीय प्रेक्षकांस दाखविले. हा वारसा उज्ज्वल खरा. परंतु आखाडा तरुणांचा. ज्याचे गुडघे कुरकुरूं लागले, त्याला सपाट व कोरड्या जागीं अर्धा तास चालावयास मिळालें, तरी पुष्कळ झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांकरितां आठवड्यास निदान दीडशें मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा अर्धा तास जलद चाललें, कीं तो हिशेब पुरा होतो.

या यंत्राचा पूर्वेतिहास मोठा विलक्षण आहे. १८१८ च्या सुमारास इंग्लंडांत विल्यम क्युबिट नांवाच्या इंजिनिअरानें कैद्यांसाठीं पायऱ्यांचें एक प्रचंड चाक तयार केलें. कैद्यांनीं तासचे तास त्या पायऱ्या चढत राहावयाचें, आणि त्या बळावर दळण दळलें जावयाचें किंवा पाणी उपसलें जावयाचें. नांवांतील 'मिल' ती हीच. प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड यालाही १८९५ सालीं तुरुंगांत हें चाक चालवावें लागलें. १८९८ च्या कायद्यानंतर तेथील तुरुंगांतून ही शिक्षा नाहींशी झाली. पुढें १९५२ सालीं अमेरिकेंत डॉ. रॉबर्ट ब्रूस व वेन क्विंटन यांनीं हृदयाच्या परीक्षेसाठीं विजेवर फिरणाऱ्या पट्ट्याचा उपयोग सुरू केला. आज हृदयरोगतज्ज्ञ 'टी. एम. टी.' म्हणून जी परीक्षा करवितात, ती याच परंपरेंतील होय. १९६८ सालीं डॉ. केनेथ कूपर यांचें व्यायामविषयक पुस्तक निघाल्यावर विल्यम स्टाउब या इंजिनिअरानें तेंच यंत्र स्वस्त करून घरांत आणलें. शिक्षा म्हणून जन्मास आलेली वस्तु याप्रमाणें औषध झाली. तथापि एकाच जागीं चालण्याचा कंटाळा तिच्यांतून पूर्णपणें गेलेला नाहीं, हें ग्राहकानें विसरूं नये.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट मोटरीची. पट्टा एका गुळगुळीत फळीवरून सरकत असतो. आपला पाय पडला, कीं पट्टा व फळी यांमधील घर्षण एकदम वाढतें, व तें सोसून पट्टा एकसारखा ओढीत राहणें हें मोटरीचें काम. जाहिरातींत चार किंवा पांच अश्वशक्तीचे मोठे आंकडे छापलेले असतात. ते बहुधा 'पीक', म्हणजे क्षणभर गांठतां येणाऱ्या शक्तीचे असतात. ग्राहकानें विचारावयाचा आंकडा तो नव्हे, तर 'कंटिन्युअस', म्हणजे अखंड मिळणाऱ्या शक्तीचा. याचा पडताळा शाळेंतील गणितानें घेतां येतो. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. घरांतील वीज २३० व्होल्टची; ६ अँपिअरच्या साध्या प्लगमधून २३० × ६ = १३८० वॅटच निघूं शकतात, म्हणजे पावणेदोन अश्वशक्तीहून किंचित् अधिक; आणि त्यांतलाही कांहीं भाग उष्णतेंत जातो. तेव्हां अशा प्लगवर चार अश्वशक्ति अखंड मिळतील, असें सांगणाऱ्याला गणित येत नसावें, किंवा आपल्याला येत नाहीं अशी त्याची समजूत असावी. केवळ चालण्यासाठीं दीड ते दोन अखंड अश्वशक्ति पुरते. घरांतील मुलें पळणार असतील, तर अडीच ते तीनचा विचार करावा. ज्यांना मोटरच नसते, तीं यंत्रें स्वस्त असतात. परंतु तीं पायांच्या जोरानें ओढावीं लागतात, व वृद्धांच्या गुडघ्यांस तीं मानवत नाहींत.

दुसरी गोष्ट पट्ट्याच्या मापाची. स्वस्त यंत्रांत काटछाट प्रथम येथेंच होते. याची घरगुती परीक्षा अशी. पाय ओले करून अंगणांतील फरशीवर नेहमीच्या चालीनें दहा पावलें चालावें. मागच्या पायाच्या टांचेपासून पुढच्या पायाच्या अंगठ्यापर्यंतचें अंतर मोजावें, व त्यांत एक वीत मिळवावी. त्याहून पट्टा आंखूड नसावा. साधारण उंचीच्या माणसास चालण्यासाठीं ११५ ते १२० सेंटिमीटर लांबी व निदान ४० सेंटिमीटर रुंदी लागते; पळणाराला याहून मोठा पट्टा हवा. हें माप घरांतील सर्वांत उंच व्यक्तीचें घ्यावें. यंत्रास किती वजन सोसतें, याचा जो आंकडा दिलेला असतो, तोही घरांतील सर्वांत जड व्यक्तीच्या वजनाहून पंधरा-वीस किलोंनीं अधिक असावा.

तिसरी गोष्ट घडीची व जागेची. कांहीं यंत्रांची फळी उचलून खांबाला टेकवितां येते. कांहींचे खांबच आडवे पडून सर्व यंत्र पलंगाखालीं जातें. पहिल्या प्रकारांत फळी आपोआप सावकाश खालीं येईल असा दट्ट्या असावा. नाहींतर ती पायावर पडण्याचें भय असतें. हल्लीं बिनकठड्याची चपटीं यंत्रेंही मिळतात. वृद्धांच्या घरांत तीं आणूं नयेत. तोल जातांना हाताला आधार पाहिजेच. घडीचें यंत्र झालें, तरी त्याचें वजन चाळीस किलोंच्या घरांत सहज असतें. रोज तें उचलणार कोण, हें आधीं ठरवावें. जुन्या घरांत तुळई खालीं असते, व पट्ट्यावर उभें राहिल्यावर मनुष्य वीतभर उंच होतो, हेंही पाहावें. यंत्राच्या मागें निदान सहा फूट जागा मोकळी असावी. मागें भिंत असेल आणि मनुष्य घसरला, तर तो पट्टा व भिंत यांच्या सांपटींत सांपडतो.

चौथी गोष्ट विजेची व सुरक्षिततेची. यंत्रासाठीं १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग व खरें अर्थिंग असावें. एक्स्टेन्शनची वायर लावूं नये. वीज एकाएकीं गेली तर पट्टा थांबतो, म्हणून आमच्यासारख्या गांवीं चालतांना एक हात कठड्याजवळ ठेवण्याची संवय लावून घ्यावी. दोरीची जी किल्ली असते, ती कपड्यास अडकवावी. पाय घसरतांच ती निघून यंत्र थांबतें. काम होतांच ती काढून उंच ठेवावी, व प्लगही काढावा. २०२१ सालीं अमेरिकेंत पेलोटन कंपनीला एका मुलाच्या मृत्यूनंतर व अनेक अपघातांनंतर आपलीं सुमारें सव्वा लाख यंत्रें परत बोलवावीं लागलीं. नातवंडें खेळतात त्या खोलींत फिरता पट्टा ही सामान्य वस्तु नव्हे. ज्यांस हृदयविकार आहे किंवा चक्कर येते, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून आरंभ करूं नये. सर्वांनींच ताशीं दोन किलोमीटरपासून सुरुवात करून वेग हळूहळू वाढवावा, व तसाच उतरवावा.

पैसे देण्यापूर्वीं विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य करावा: बिघाड झाल्यास अमरावतीहून कारागीर मोर्शी तालुक्यांतील खेड्यांत येईल काय, आणि त्याचे येण्याचे पैसे कोण देणार? मोटरीची हमी अनेक वर्षांची असली, तरी इतर भागांची बहुधा एकाच वर्षाची असते; तें लेखी घ्यावें. आमच्याकडील धुळीमुळें पट्ट्याखालीं वेळोवेळीं सिलिकॉनचें तेल घालावें लागतें. तें न घातल्यास घर्षण वाढून मोटर तापते. शक्य तर दुकानीं जाऊन दहा मिनिटें प्रत्यक्ष चालून पाहावें.

आणि सर्वांत महत्त्वाचें असें. पंचवीस हजारांचें यंत्र आठवड्यांतून पांच दिवस याप्रमाणें पांच वर्षें वापरलें, तर तेराशें दिवस होतात, व रोजचा खर्च एकोणीस रुपयांच्या आसपास पडतो. तेंच चाळीस दिवस चालून पुढें ओलीं लुगडीं वाळविण्याच्या उपयोगीं पडलें, तर प्रत्येक दिवस सव्वासहाशें रुपयांना पडला. सबब विकत घेण्यापूर्वीं एक महिना घरांतल्या ओसरीवर अथवा अंगणांत, एकाच ठराविक वेळीं, रोज अर्धा तास येरझारा घालाव्या व भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करावी. तीसांपैकीं पंचवीस खुणा झाल्या, तर यंत्र अवश्य आणावें. त्या घरांत तें सार्थकीं लागेल, आणि उन्हाळा-पावसाळा कुणाचेंही चालणें अडवूं शकणार नाहीं. खुणा दहाच झाल्या, तर तूर्त पैसे पेटींत ठेवावे व ओसरीवरच्या येरझारा चालूं ठेवाव्या. पुढल्या महिन्यांत पुन्हां खुणा मोजण्यास कांहीं खर्च पडत नाहीं.