ओरडून पळती वाढत नाही

आम्ही देहूच्या बचत गटातल्या बायका. दर वेळी आपण कर्ज, हप्ते, व्यवसाय यांवर बोलतो. आज मैदानावरच्या एका हिशेबाबद्दल बोलायचं आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपल्या बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. मोबाइलवर तो सामना पाहून आमच्या मुलींनी हट्ट धरला आणि गटाने संघ काढायचं ठरवलं. आमच्यातल्या तिघी शाळेत असताना खो-खो खेळलेल्या, त्याच शिकवायला उभ्या राहिल्या. पहिल्या आठवड्यात सोळा मुली आल्या. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत नऊच उरल्या. आपल्या नेहमीच्या खो-खोत मैदानात नऊ जणी लागतात. म्हणजे एकीचा पाय मुरगळला तरी संघ मोडला.

आम्हाला वाटलं, अभ्यास असेल, घरकाम असेल, आईची कंपनीत शिफ्ट असेल. पालखीच्या दिवसांत गाव वारकऱ्यांनी भरतं, सराव बंद असतो. तेव्हा घरोघर जाऊन मुलींनाच विचारलं. एक तेरा वर्षांची मुलगी मान खाली घालून म्हणाली, "काकू, खेळायला आवडतं. पण चुकलं की तुम्ही सगळ्यांसमोर ओरडता." बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. एकीलाच धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. तिला म्हटलं, भावालाही मैदानावर घेऊन ये.

मग आम्ही शिकवायचं कसं ते शिकायला बसलो. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल संघांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. काही प्रशिक्षकांना त्यांनी आधी साध्या गोष्टी शिकवल्या: चांगलं खेळलं की लगेच शाबासकी द्या, प्रयत्नालाही द्या, चूक झाली की धीर द्या आणि पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा. १९९२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या पाहणीत, असं न शिकलेल्या प्रशिक्षकांकडच्या शंभरातल्या २६ मुलांनी पुढच्या वर्षी खेळ सोडला होता. शिकलेल्या प्रशिक्षकांकडे हेच प्रमाण शंभरात ५ होतं. आणि सामने मात्र दोन्हीकडचे संघ सारखेच जिंकत-हरत होते. म्हणजे ओरडून जास्तीचा विजय पदरात पडत नाही, मुलं मात्र जातात.

खो-खोत तर ओरडण्याने नुकसानच जास्त. पाठलाग करणाऱ्या मुलीला मधली पट्टी ओलांडता येत नाही, एक दिशा धरली की मागे वळता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्यांमधून कुठूनही निसटते. म्हणून वेळेवर खो देणं आणि मिळाला की क्षणात उठणं, यावरच सगळा खेळ. मुलगी घाबरलेली असली की तिची नजर पळणाऱ्या गड्यावर नसते, आमच्या तोंडाकडे असते. मग तिला उशीर होतो, आम्ही पुन्हा ओरडतो, तिला आणखी उशीर होतो.

आता आम्ही काय करतो ते सांगतो.

एका वेळी एकच गोष्ट सांगायची. खो मिळण्याआधी मुलगी उठली तर फाऊल होतो. पूर्वी आम्ही म्हणायचो, "किती घाई करतेस गं!" यातून तिला काय कळणार? आता म्हणतो, "पाठीवर हात लागू दे, खो ऐकू येऊ दे, मग ऊठ." आणि हे जवळ जाऊन, हळू आवाजात.

पायरी-पायरीने जायचं. खो देणं आधी चालत, मग धावत, मग समोर पळणारी मुलगी ठेवून. सूर मारायचा तर आधी मऊ मातीत, गुडघ्यावर बसून. पण एकच कृती वीस वेळा घोकून भागत नाही. सामन्यात खो कधी मिळेल, पळणारी कुठे वळेल, हे आधी माहीत नसतं. म्हणून अर्ध्या मैदानात पाच-सहा जणींचा छोटा डाव लावतो. त्यात चुका जास्त होतात, पण शिकणं टिकतं.

सुरुवातीला दहा मिनिटं अंग मोकळं करायचं. उपाशीपोटी सराव नाही, शेंगदाणे-गूळ तरी खायचाच. पाळीत पोट दुखत असेल तर बसायची मोकळीक, खेळायचं असेल तर खेळायचीही. दुखऱ्या गुडघ्यावर कुणी पळायचं नाही.

आणि सगळ्यात उपयोगी पडली ती आपली नोंदवही. सरावाला एक बाई कडेला बसते आणि तीन रकाने भरते: शाबासकी किती, समजावून सांगणं किती, ओरडणं किती. पहिल्या दिवशी ओरडणं ३१ आणि शाबासकी ४ निघाली. वाचून आमच्याच माना खाली गेल्या. सवय अजून पुरती सुटलेली नाही. परवाच एकीचा आवाज चढला, तेव्हा एक मुलगी हसून म्हणाली, "काकू, वहीत लिहितील हं!" ती हसून बोलू शकली, यातच आम्हाला पावती मिळाली.

आज मैदानात चौदा मुली येतात. अजून एकही सामना जिंकलेला नाही. दोघी परतल्या नाहीत, त्यांच्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत.

सख्यांनो, तुमच्या गावात मुलींचा संघ असेल, खो-खोचा, कबड्डीचा, लेझमाचासुद्धा, तर एक दिवस वही घेऊन कडेला बसा आणि ते तीन रकाने भरा. पैशाचा हिशेब आपण चोख ठेवतो, तसा हाही ठेवून बघा.