पेशीचा ताप मोजायचा कसा?

घरात कुणाचं अंग गरम लागलं, की आपण कपाळाला हात लावून बघतो आणि मग थर्मामीटर शोधतो. तो काखेत धरायचा, थोडा वेळ थांबायचं आणि आकडा वाचायचा. गरम होण्यासाठी थर्मामीटर अंगातली थोडी उष्णता घेतोच. पण शरीर एवढं मोठं, की त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हाच थर्मामीटर चमचाभर गरम पाण्यात बुडवला तर? पाण्याची बरीचशी उष्णता थर्मामीटरच ओढून घेईल आणि दिसणारा आकडा पाण्याच्या मूळ तापमानाचा नसेल. थोडक्यात, जे मोजायचं त्याच्यापेक्षा मोजणारं साधन पुष्कळ लहान हवं.

आता समजा, आपल्याला शरीरातल्या एकाच पेशीचा ताप मोजायचा आहे. ती साधारण १० ते २० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांएवढी. तिच्यातल्या तंतुकणिका त्याहून कितीतरी बारीक. अन्नातली ऊर्जा मोकळी करणाऱ्या या तंतुकणिका म्हणजे पेशीतल्या चुलीच. त्या किती तापतात हे कळायचं, तर थर्मामीटर नॅनोमीटरच्या मापाचा हवा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

असे थर्मामीटर तयार झाले आहेत. त्यांत पारा नसतो; ते तापमान सांगतात प्रकाशातून. काही रंगद्रव्यं पेशीत सोडून त्यांच्यावर प्रकाश टाकला की ती चमकतात आणि तापमान वाढलं की त्यांची चमक मंदावते. दुसरा प्रकार हिऱ्याचा. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची शिस्तबद्ध मांडणी. तिच्यात एका अणूची जागा रिकामी राहिली आणि शेजारी नायट्रोजनचा अणू येऊन बसला, तर हिरव्या प्रकाशात ती जागा लाल चमकते. सेकंदाला सुमारे २८७ कोटी कंपनं असलेल्या मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या, की ही चमक कमी होते. तापमान एका अंशानं वाढलं, की कंपनांचा हा आकडा सुमारे ७४ हजारांनी खाली सरकतो. हार्वर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असे नॅनोहिरे जिवंत मानवी पेशीत ठेवले, तिथलाच सोन्याचा सूक्ष्म कण लेसरनं तापवला आणि पेशीच्या आतलं तापमान मोजून दाखवलं.

मग पेशीत आढळलं काय? इथेच वाद आहे. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये चमकणाऱ्या रेणूंच्या मदतीनं सांगितलं, की पेशीचं केंद्रक भोवतालच्या द्रवापेक्षा जवळजवळ एक अंशानं गरम असतं. २०१८ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी तर रंगद्रव्य वापरून असा निष्कर्ष काढला, की ३८ अंशांत ठेवलेल्या पेशींतल्या तंतुकणिका ५० अंशांच्या जवळपास तापलेल्या असतात!

आता थोडा हिशेब करू. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. ती लाखो कोटी पेशींत तयार होते. एका पेशीच्या वाट्याला सढळ हातानं वॉटचा एक हजार कोटीवा भाग धरू. ही उष्णता पेशीत साठून राहील का? पातेल्यातला भात बराच वेळ गरम राहतो. तोच परातीत पसरला की बघता बघता निवतो. वस्तू जितकी लहान, तितकी उष्णतेला बाहेरची वाट जवळची. पेशीएवढं अंतर पाण्यातून ओलांडायला उष्णतेला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. फ्रान्समधल्याच दुसऱ्या संशोधकांनी २०१४ मध्ये हा हिशेब मांडला, तेव्हा पेशीचं तापमान वाढेल ते अंशाच्या एक लाखाव्या भागाएवढंच, असं उत्तर आलं. मोजमाप म्हणतं एक अंश, हिशेब म्हणतो त्याचा लाखावा भाग.

पेशीचा आतला भाग म्हणजे निव्वळ पाणी नव्हे, तिथे प्रथिनांची आणि पडद्यांची दाटी असते, हे खरं. म्हणून २०२१ मध्ये नॅनोहिरे वापरून पेशीतून उष्णता किती सहज वाहते, हेही मोजलं गेलं. उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे एक षष्ठांश भरली. पण सहा पटींच्या फरकानं लाख पटींची दरी बुजत नाही.

मग संशय येतो तो थर्मामीटरवर. रंगद्रव्याची चमक तापमानाबरोबरच आम्लतेनं आणि द्रवाच्या दाटपणानंही बदलू शकते आणि तंतुकणिका काम करू लागल्या की हेही बदलतं. हिऱ्यातली जागा स्फटिकाच्या आत सुरक्षित असल्यानं तिच्यावर असा परिणाम बराच कमी होतो. तरीही वाद मिटलेला नाही.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. सूक्ष्म कण तापवून कर्करोगाच्या पेशी मारण्याचे प्रयोग होत आहेत. उष्णता नेमकी कुठे पोचली आणि शेजारच्या निरोगी पेशीला किती चटका बसला, हे कळल्याशिवाय असा उपचार भरवशाचा होणार नाही. म्हणून आकडा हाती आला, की तो तापमानाचाच आहे ना, हे आधी तपासायला हवं.